कॅरिबियन बेटांवरील 'एम.डी.' : प्रवेशापूर्वी काय तपासावे?

'नीट'मध्ये पात्र ठरूनही शासकीय महाविद्यालयात जागा न मिळालेल्या आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे परदेशी शिक्षणाचा पर्याय येतो. मनोर, पालघर, बोईसर-तारापूर परिसरही याला अपवाद नाही. रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स यांच्या जोडीला कॅरिबियन बेटांचीही नावे पालकांच्या कानी पडतात. तेथे शिकून पुढे कोणत्या देशात व्यवसाय करायचा, हे मात्र शुल्काच्याही आधी ठरवायला हवे.

उगम आणि स्वरूप

ही विद्यालये प्रामुख्याने अमेरिकेत प्रवेश न मिळालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी निघाली. ग्रेनाडातील सेंट जॉर्जेस विद्यापीठाची स्थापना १९७६ची. रॉस आणि अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ द कॅरिबियन १९७८ साली सुरू झाली. अँटिग्वा येथील विद्यालय २००४चे असून पुढे ते मणिपाल समूहाकडे आले. साधारणतः पहिली दोन वर्षे बेटावर मूलभूत विषय आणि नंतरची दोन वर्षे मुख्यतः अमेरिकेतील रुग्णालयांत प्रात्यक्षिक शिक्षण, अशी रचना असते. बारावीनंतर थेट जाणाऱ्यांना त्याआधी पूर्ववैद्यकीय अभ्यासक्रम करावा लागतो.

शेवटी मिळणारी पदवी 'एम.डी.' असली, तरी ती आपल्याकडील पदव्युत्तर एम.डी. नव्हे. वैद्यकातील ही पहिली पदवी असून तिची तुलना एम.बी.बी.एस.शीच करावी.

अमेरिकेची वाट

अमेरिकेत व्यवसायासाठी तेथील परवाना परीक्षेचे टप्पे आणि रुग्णालयातील निवासी प्रशिक्षण आवश्यक आहे. परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात २०२२ पासून गुण दिले जात नाहीत, केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण निकाल लागतो. २०२४ मध्ये अमेरिकी विद्यालयांच्या अंतिम वर्षातील ९३ टक्क्यांहून अधिक उमेदवारांना निवासी जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांत हे प्रमाण सुमारे ५८ टक्के होते. मोठ्या विद्यालयांत संपूर्ण शिक्षणाचा खर्च कोटींच्या घरात जातो आणि अमेरिकी सरकारचे शैक्षणिक कर्ज भारतीय नागरिकांना मिळत नाही. निवासी प्रशिक्षण 'जे-१' व्हिसावर घेतल्यास, सूट न मिळाल्यास, दोन वर्षे मायदेशी परतणे बंधनकारक असते.

भारतात परतायचे असल्यास

खरी अडचण येथे आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे परदेशी पदवीधरांविषयीचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाले. त्यातील प्रमुख अटी अशा :

* इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम.
* त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्यानंतर भारतात आणखी १२ महिने.
* अभ्यासक्रम, प्रशिक्षण व इंटर्नशिप पदवी देणाऱ्या देशातच. अन्य देशातील प्रशिक्षण ग्राह्य नाही.
* त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणेच वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता.

बेटावर दोन वर्षे आणि अमेरिकेत दोन वर्षे ही रचना तिसऱ्या अटीत बसत नाही. चार वर्षांचा, म्हणजे ४८ महिन्यांचा अभ्यासक्रम पहिल्या अटीतही कमी पडतो. म्हणजे अमेरिकेसाठी जी रचना सोयीची, तीच भारतातील नोंदणीच्या आड येते. मनोरच्या ग्रामीण रुग्णालयात सेवा करण्याचे किंवा बोईसरला दवाखाना काढण्याचे स्वप्न असेल, तर अशी पदवी घेण्यापूर्वी दहादा विचार करावा.

अटी पूर्ण झाल्या तरी, 'नेक्स्ट' परीक्षा सुरू होईपर्यंत, चाळणी परीक्षेत ३०० पैकी १५० गुण मिळवावे लागतात. या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांपेक्षा अनुत्तीर्णांची संख्या बहुतेक वेळा मोठी राहिली आहे.

प्रवेशापूर्वी

परदेशी प्रवेशासाठीही 'नीट' पात्रता २०१८ पासून अनिवार्य असून तो निकाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. 'आयोगाची मान्यता आहे' या एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. प्रात्यक्षिक शिक्षण कोणत्या देशात, किती महिने आणि इंटर्नशिप कोठे, हे विद्यालयाकडून लेखी घ्यावे आणि वरील अटींशी ताडून पाहावे. आयोगाच्या संकेतस्थळावरील सूचनाही वाचाव्यात. शेत किंवा घर गहाण टाकण्यापूर्वी हा कागद हाती असणे केव्हाही श्रेयस्कर.