वेतोऱ्याचं काजूचं झाड

नाशिकमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्याला फळझाड म्हटलं की बी आठवतच नाही. आमच्याकडे थॉमसन सीडलेस, त्यात बीच नसते. डॉगरिज या मूळच्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर थॉमसनचं कलम भरायचं, की बाग उभी. एक वेल दुसरीची हुबेहूब कॉपी. सॉफ्टवेअरवाल्याला हे पटकन कळतं.

काजूची गोष्ट मात्र बीपासून सुरू होते. पोर्तुगीजांनी 16व्या शतकात तो ब्राझीलहून आणला. नावही तिकडच्या तुपी भाषेतल्या ‘अकाजू’वरून आलंय. पुढे गोवा आणि कोकणात तो पसरला तो बियांनीच. पेरायला बी निवडायची रीत सोपी: पाण्यात टाका, बुडेल ती जड बी घ्या. पण बी कितीही चांगली असली, तरी झाड आईसारखं निघेल याची खात्री नाही. काजूत परपरागीकरण होतं. आई समोर दिसते, बाप कोण ते कळत नाही. एकाच झाडाच्या दहा बिया लावा, एकाचं बोंड लाल, दुसऱ्याचं पिवळं, तिसऱ्याची बी टपोरी, चौथ्याची बारीक.

अमेरिकेतल्या पेकानचंही असंच. अक्रोडाच्या कुळातलं हे झाडही बीतून तसंच्या तसं उतरत नाही. लुइझियानातल्या ओक अ‍ॅली मळ्यावर आंत्वान नावाच्या एका गुलाम माळ्याने 1846-47च्या हिवाळ्यात एका उत्तम झाडाच्या काड्या घेऊन 16 झाडांवर कलमं बांधली. 1876मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते पेकान गाजलं आणि जातीला ‘सेंटेनियल’ हे नाव मिळालं. आंत्वानचं आडनावसुद्धा इतिहासाने ठेवलं नाही.

आपल्याकडे हे काम वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने केलं. 1974ची ‘वेंगुर्ला-1’ ही आणसूर गावच्या झाडातून निवडलेली जात. 1981ची ‘वेंगुर्ला-4’ हा संकर: आई ‘मिदनापूर रेड’, बाप ‘वेतोरे-56’. आणसूर आणि वेतोरे ही दोन्ही वेंगुर्ले तालुक्यातली गावं. आज कोकणात बागा लागतात त्या या जातींच्या कलमांच्या, आणि ते बरोबरच आहे. कलम लवकर धरतं, बी केवढी येणार हे आधीच माहीत असतं. कर्ज काढून बाग लावणाऱ्याने बीचा जुगार का खेळावा?

पण कलम जुनंच झाड पुढे नेतं. नवं झाड फक्त बीतून येतं. त्या केंद्राने निवड केली ती आधी कुणीतरी पेरलेल्या झाडांतून. आज बांधावरचा गावठी काजू तोडून तिथे कलम लावलं जातं, तेव्हा त्या निवडीचा साठाच कमी होतो. तुमच्या गावी असं झाड असेल, तर कुऱ्हाड लावण्याआधी एक हंगाम त्याच्या बिया तरी तोलून बघा. ‘वेतोरे-56’ला नंबर मिळाला तो कुणीतरी असंच थांबून पाहिलं म्हणून.