अस्थिभंगावरील श्राव्यातीत ध्वनिचिकित्सा

मोडलेले हाड लवकर सांधावे म्हणून त्यावर कानास ऐकू न येणारे, उच्च कंप्रतेचे सौम्य ध्वनितरंग सोडण्याची उपचारपद्धती. हाड जुळवून ते बांधून स्थिर ठेवण्याची रीत सुश्रुतसंहितेत वर्णिलेली असून महाराष्ट्रातील हाडवैद्यांनीही ती चालविली. तथापि पुढील सांधणी शरीरच करते; ती लांबल्यास कष्टकरी रोग्याची मिळकत थांबते. म्हणून ती त्वरेने घडविण्याचे प्रयत्न झाले.

१९५० नंतर इटलीत या दिशेने प्रयोग झाले. तीव्र तरंगांनी ऊतक तापून इजा होण्याचा धोका असे. ब्राझीलमधील लुईस द्वार्ते यांनी सौम्य, खंडित तरंग वापरून सशांच्या हाडांची सांधणी लवकर होते, असे १९८३ मध्ये दाखविले. पुढे १.५ मेगाहर्ट्‌झ कंप्रता, दर चौ. सेंमी.ला ३० मिलिवॉट तीव्रता व रोज २० मिनिटे ही मात्रा रूढ झाली. सूक्ष्म यांत्रिक ताणाने अस्थिपेशी उत्तेजित होतात, अशी यामागील उपपत्ती आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नडगीचे हाड सरासरी १५४ ऐवजी ९६ दिवसांत सांधल्याचे आढळले. त्याच वर्षी तेथील शासनाने या उपकरणास मान्यता दिली. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शस्त्रक्रियेने सळई बसविलेल्या ५०१ रोग्यांवरील चाचणीत सांधणीचा वेग वाढला नाही व रोगी कामावर लवकर परतलेही नाहीत. त्यामुळे २०१७ मध्ये तज्ञांनी ही पद्धती न वापरण्याची शिफारस केली. अचूक जुळणी व स्थिरता हेच अस्थिभंगावरील उपचाराचे मुख्य सूत्र राहिले आहे.