स्वप्रकाशित पुस्तकातील स्वामित्वहक्काचे पान

स्वखर्चाने पुस्तक प्रकाशित करणारे लेखक मुखपृष्ठ आणि अर्पणपत्रिका यांचा बारकाईने विचार करतात. शीर्षकपानाच्या पाठीमागील पान मात्र अनेकदा मुद्रकावर सोपवले जाते. पुढे अनुवाद, पुनर्मुद्रण वा नाट्यरूपांतराचा प्रश्न उद्भवला, की परवानगी कोणाची घ्यावयाची, याचे उत्तर प्रथम याच पानावर शोधले जाते.

हक्क आणि त्याची नोंद

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार कृती लिहून पूर्ण होताच तिचा हक्क लेखकास प्राप्त होतो. त्यासाठी नोंदणी वा छापील सूचना बंधनकारक नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर येणाऱ्या कॅलेंडर वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे टिकतो. असे असले तरी छापील नोंदीस महत्त्व आहे. हक्कभंगाच्या दाव्यात, प्रकाशित प्रतींवर ज्याचे नाव लेखक म्हणून छापलेले असेल तोच लेखक असल्याचे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, कलम ५५ नुसार गृहीत धरले जाते.

पानावरील आवश्यक तपशील

- वर्तुळातील 'सी' हे चिन्ह, हक्कधारकाचे नाव आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. लेखन टोपणनावाने असल्यास येथे खरे नाव द्यावे. लेखकाची ओळख उघड न झाल्यास हक्काची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते.
- 'सर्व हक्क सुरक्षित' ही सूचना आणि परवानगीसाठी संपर्काचा पत्ता.
- आवृत्ती व पुनर्मुद्रणाची वर्षे स्वतंत्रपणे.
- प्रकाशक व मुद्रक यांची नावे आणि पत्ते.
- मुखपृष्ठ, अक्षरजुळणी व मुद्रितशोधन यांचे श्रेय. अनुवाद असल्यास मूळ कृतीचे नाव आणि तिच्या हक्कधारकाचा उल्लेख.
- मूल्य आणि आयएसबीएन.

भारतात आयएसबीएन हा तेरा अंकी क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतात. छापील आणि ई-पुस्तकासाठी स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो. हा क्रमांक केवळ पुस्तकाची ओळख पटवतो. त्यातून स्वामित्वहक्क मिळत नाही.

बदललेला कायदा

मुद्रक व प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती करणारा १८६७ चा कायदा १ मार्च २०२४ पासून रद्द झाला असून नव्या कायद्याच्या कक्षेत पुस्तके येत नाहीत. तथापि १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. लेखक स्वतःच प्रकाशक असल्यास ही जबाबदारी त्याचीच असते.

शुल्क घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या संस्थेकडे काम सोपवल्यास हक्काच्या ओळीत लेखकाचेच नाव असल्याची खात्री छपाईपूर्वी करावी. हक्काचे हस्तांतरण केवळ लेखी कराराने होते. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची मानली जाते. त्यामुळे करार आणि छापील पान यांत विसंगती राहू नये.