चाकाच्या तुंब्यातील मोटर : नियंत्रक आत की बाहेर?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमचे एक शिक्षक मित्र सायकलचे मागचे चाक हातात घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. त्यांची शाळा घरापासून नऊ किलोमीटरवर आहे आणि त्यातले शेवटचे तीन किलोमीटर चढाचे आहेत. चाकातच मोटर बसवलेली विजेची सायकल त्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतली होती. एके सकाळी ती चढावरच बंद पडली. दुकानदाराचे म्हणणे असे, की कंट्रोलर मोटरीच्या आतच बसवलेला आहे, तो सुटा मिळत नाही, तेव्हा अख्खे चाकच बदला. सरांचा प्रश्न सरळ होता. “एवढे पैसे घालायचे तर पुन्हा असलेच चाक घेऊ, की कंट्रोलर बाहेर असलेले?”

प्रश्न बाजारातला दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्हाला सव्वाशे वर्षांहून अधिक मागे जावे लागले. ही हकीगत वर्गात सांगण्याजोगी आहे, म्हणून ती येथे मांडत आहोत.

नियंत्रक कशासाठी?

बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी ज्या लाकडी ठोकळ्यात आरे रोवलेले असतात त्याला तुंबा म्हणतात. सायकलच्या दुकानात त्यालाच हब म्हणतात. या तुंब्याच्या जागी मोटर बसवली, की साखळी किंवा पट्टा यांची गरज उरत नाही. मोटर हेच चाक होते.

आता दहावीच्या पुस्तकातली विद्युत मोटर आठवू. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तारेचे कुंडल आहे. त्यातून विद्युतधारा सोडली की ते वळते; पण धारेची दिशा दर अर्ध्या फेरीला उलटली नाही, तर ते थोडे हेलकावे खाऊन थांबून जाईल. म्हणून आसावर दुभंगलेले कडे बसवतात आणि त्याला कार्बनचे ब्रश टेकवतात. या कड्यालाच दिक्परिवर्तक किंवा कॉम्युटेटर म्हणतात. कुंडल कोठे पोचले आहे हे ‘ओळखणे’ आणि त्याप्रमाणे धारा उलटवणे ही दोन्ही कामे ते एकटेच करते. सायकलच्या आजच्या नियंत्रकाचे मुख्य कामही हेच आहे. त्याच्या जोडीला धारा किती सोडायची, हेही तो ठरवतो.

हे लक्षात घेतले तर तुंब्यातील मोटरीचा इतिहास म्हणजे या कड्याच्या जागेचा इतिहास आहे असे दिसेल. आधी ते चाकात होते, मग चाकाबाहेर गेले, आणि आता वेगळे रूप घेऊन पुन्हा आत आले आहे.

चाकात ब्रश, सांगाड्यात घटमाला

विजेवर चालणारी तीनचाकी गुस्ताव्ह त्रुव्हे या फ्रेंच संशोधकाने एप्रिल १८८१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर चालवून दाखवली. तिची मोटर मात्र चाकाबाहेर होती. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कॅन्टन गावच्या ऑग्डेन बोल्टन याला ३१ डिसेंबर १८९५ रोजी जे पेटंट मिळाले, त्यात मोटर सायकलच्या मागच्या चाकाच्या तुंब्यात होती. सहा ध्रुवांची ही मोटर ब्रश आणि दिक्परिवर्तकासह चाकाच्या मध्यावर होती. तिला दंतचक्रे नव्हती आणि घटमाला सायकलच्या सांगाड्यातल्या त्रिकोणात टांगलेली होती. १० व्होल्टच्या घटमालेतून ही मोटर १०० अँपिअरपर्यंत धारा घेऊ शकेल, असे त्यात नमूद आहे. गुणाकार केला तर १००० वॅट होतात. त्या काळच्या शिशाच्या घटमालेतून एवढी धारा किती वेळ मिळाली असती, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.

याच अडचणीचे मोठे रूप पाच वर्षांनी दिसले. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात व्हिएन्नाच्या लोनर कंपनीने तरुण फर्डिनंड पोर्श याने आखलेली मोटारगाडी मांडली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांत प्रत्येकी सुमारे अडीच अश्वशक्तीची मोटर होती. रचना देखणी होती, पण तिच्या ४४ शिसे-घटांचेच वजन सुमारे ४१० किलोग्रॅम होते. पुढे पेट्रोलचे इंजिन सुधारत गेले आणि रस्त्यावरच्या वाहनांतून तुंब्यातील मोटर जवळजवळ दिसेनाशी झाली.

चंद्रावरचा धडा

ती पुन्हा ठळकपणे दिसली ती १९७१ साली, आणि तीही पृथ्वीवर नव्हे! अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालवली, तिच्या चारही चाकांना स्वतंत्र मोटर होती. प्रत्येक मोटर पाव अश्वशक्तीची, म्हणजे आजच्या सायकलच्या मोटरीएवढीच. तिची गती कमी करण्यासाठी चाकातच ८० : १ प्रमाणाची दंतयोजना होती. मोटरी ब्रशच्याच होत्या, पण हवाबंद कवचात ठेवलेल्या होत्या.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की मोटरींना वीज पुरवणारी इलेक्ट्रॉनिक साधने चाकांजवळ नव्हती. ती गाडीच्या पुढच्या भागात, उष्णतारोधक आच्छादनाखाली होती, आणि तेथील उष्णता शोषून घेण्यासाठी वितळणाऱ्या मेणाची योजना केलेली होती. मोटर तापली तर काही काळ सहन करते, तिच्यावर अवलंबून असलेली इलेक्ट्रॉनिक साधने तेवढी सोशिक नसतात. हा धडा पुढे रस्त्यावरच्या सायकललाही लागू पडणार होता.

कडे जाते, संवेदक येतात

ब्रश घासून झिजतात, ठिणग्या पडतात, धूळ साचते. ते काढून टाकायचे तर कुंडल कोठे आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग हवा. तो मार्ग १८७९ सालीच सापडला होता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत असताना एडविन हॉल याने सोन्याच्या पातळ पत्र्यातून धारा सोडून त्याला लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले. तेव्हा पत्र्याच्या दोन कडांमध्ये अगदी अल्प विद्युतदाब निर्माण झालेला त्याला आढळला. सोन्यात हा दाब फारच थोडा असतो, पण अर्धवाहकात तो सहज मोजता येतो. चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आला, हे तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या तुकड्याला त्यामुळे ‘कळू’ लागले.

दुसरी गरज होती न झिजणाऱ्या स्विचची. ट्रान्झिस्टर आल्यावर ती भागली, आणि १९६२ साली विल्सन व ट्रिकी या दोघांनी दिक्परिवर्तकाचे काम ट्रान्झिस्टरकडे सोपवणाऱ्या मोटरीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठी धारा हाताळणारे मॉसफेट नावाचे स्विच बाजारात आले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा शक्तिशाली चुंबक तयार केला. १९९१ मध्ये लिथियम-आयन घट विक्रीस आले. बोल्टनच्या कल्पनेला जे जे कमी पडत होते ते सर्व आता हाताशी होते.

या नव्या मोटरीत रचना उलटी झाली. तारांची वेटोळी आत, न फिरणाऱ्या आसावर आली आणि चुंबक बाहेरच्या फिरत्या कवचाला चिकटले. अशी रचना आपण रोज पाहतो. छताच्या पंख्यातही आतला भाग स्थिर असतो व पात्यांसह बाहेरचे कवच फिरते. पंखा आडवा धरून त्याला पात्यांऐवजी चाकाच्या तारा जोडल्या, असे समजले तरी चालेल. अलीकडे कमी विजेवर चालणारे जे ब्रशविरहित पंखे मिळतात, त्यांच्यात तर नियंत्रकाचे मंडळही पंख्यातच असते.

सायकलमध्ये मात्र नियंत्रक सुरुवातीला बाहेर, सीटखालच्या डबीत राहिला. आतून बाहेर एकूण आठ तारा येत. वेटोळ्यांच्या तीन जाड तारा आणि हॉल संवेदकांच्या पाच बारीक. या सर्व पोकळ आसातून ओवाव्या लागतात. तारा जाड कराव्यात तर छिद्र मोठे होते आणि आस कमकुवत होतो. नियंत्रक आत घेतला तर घटमालेच्या दोन जाड तारा आणि वेगनियंत्रणाच्या काही बारीक तारा एवढ्यावर भागते. जोड कमी, गुंतागुंत कमी, सायकल देखणी. कॅनडाच्या बायोनएक्स कंपनीने हीच दिशा धरली होती. डिसेंबर २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी कोपनहेगन येथे जे चाक दाखवले, त्यात तर मोटर, नियंत्रक, संवेदक आणि घटमालासुद्धा एका लाल तबकडीत सामावलेली होती.

चढावरचे गणित

मग सरांचे चाक का बंद पडले? थोडे गणित करू. सायकल आणि स्वार मिळून वस्तुमान १०० किलोग्रॅम धरू. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना हवेचा व रस्त्याचा विरोध मिळून सुमारे २७ न्यूटन बल लागते. वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर, म्हणून शक्ती झाली १९० वॅट. आता पंधरा मीटरला एक मीटर असा चढ घेऊ. तेथे सुमारे ७५ न्यूटन बल लागते. वेग ताशी १० किलोमीटर धरला तर शक्ती होते सुमारे २१० वॅट. दोन्ही ठिकाणी शक्ती जवळजवळ सारखीच!

पण दंतचक्रे नसलेल्या मोटरीत बल हे धारेच्या प्रमाणात असते. म्हणून चढावर वेटोळ्यांतली धारा सपाटीच्या पावणेतीन पट झाली. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती सपाटीच्या साडेसात पटीहून अधिक झाली. शिवाय ही उष्णता निर्माण होते आतल्या स्थिर भागात. बाहेर पडायला तिला हवेची फट ओलांडून फिरत्या कवचापर्यंत जावे लागते, आणि हवा ही उष्णतेची दुर्वाहक. नियंत्रक जर त्याच बंद डब्यात बसलेला असेल, तर स्वतःच्या उष्णतेबरोबर त्याला शेजाऱ्याचीही उष्णता सोसावी लागते. त्याच्यावरच्या विद्युत-अपघटनी संधारित्रांचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे.

सरांचे चाक हाताने फिरवले तेव्हा ते अडखळत, कोणी ब्रेक धरल्यासारखे फिरत होते. आम्ही चाक उघडून वेटोळ्यांच्या तीन तारा नियंत्रकापासून सोडवल्या. चाक लगेच मोकळे फिरू लागले! सोडवलेल्या तीन तारा एकमेकींना जोडल्या, की पुन्हा अडायचे. लेंझचा नियम याहून स्पष्ट क्वचितच दिसेल. चाक फिरले की वेटोळ्यांत धारा प्रवर्तित होते आणि ती त्या फिरण्यालाच विरोध करते. याचा अर्थ मोटर शाबूत होती. नियंत्रकातल्या सहा मॉसफेटपैकी दोन जळून आरपार जोडले गेले होते आणि संधारित्रांची डोकी फुगलेली होती. किमतीचा मोठा भाग असलेले तांबे आणि चुंबक ठीक होते, पण लहानसे मंडळ गेल्यामुळे अख्खे चाक टाकून द्यायची वेळ आली होती.

निवड कशी करावी?

रस्ता सपाट असेल, वजन बेताचे असेल आणि मोटर २५० वॅटच्या आतली असेल, तर नियंत्रक आत असलेले चाक चांगले काम देते. कमी जोड म्हणजे पावसात बिघडण्याच्या जागाही कमी. चढ फार असतील, ओझे न्यायचे असेल किंवा मोठ्या शहरापासून दूर राहत असाल, तर नियंत्रक बाहेरच असावा. तेथे त्याला वारा लागतो आणि बिघडला तर कोणताही जुळणारा नियंत्रक बसवता येतो. चढासाठी तुंब्यात दंतचक्रे असलेली मोटर पाहावी. तिच्यात मोटर वेगाने फिरते आणि तेवढ्याच बलासाठी कमी धारा लागते.

विकत घेण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा. आतले मंडळ सुटे मिळेल का, आणि किती वर्षे मिळेल? वर उल्लेखलेली बायोनएक्स कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत गेली. विशिष्ट मापाचा, विशिष्ट चाकातच बसणारा भाग असला की त्याचे भवितव्य बनवणाऱ्याच्या भवितव्याशी बांधले जाते. बोल्टनच्या चाकातले ब्रश झिजत, पण ते कोणत्याही कुशल कारागिराला बदलता आले असते.

सरांचे चाक आम्ही टाकले नाही. आतले मंडळ काढले, आठ तारा आसातून बाहेर आणल्या आणि सीटखाली साधा नियंत्रक बसवला. मात्र आसाचे छिद्र कमी तारांसाठीच पाडलेले असल्यामुळे जाड तारा काही केल्या जाईनात. बारीक तारा ओवाव्या लागल्या, आणि त्या तापू नयेत म्हणून धारेची मर्यादा कमी ठेवावी लागली. चढावर सरांना आता मोटरीच्या जोडीने पेडल मारावे लागते. शाळेत पोचायला पाच मिनिटे अधिक लागतात, असे ते सांगतात. जळके मंडळ त्यांनी मागून नेले. दहावीच्या वर्गात दुभंगलेले कडे शिकवताना ते आता शेजारी हे मंडळ ठेवतात, आणि या दोघांचे काम एकच कसे, हे मुलांना शोधायला लावतात.