माल्टा बेटांतील नाताळ



‘नाताळ’ हा शब्द आपल्या मराठीनें पोर्तुगीजांकडून घेतला. त्याचा मूळ अर्थ जन्म. भूमध्य समुद्रांत माल्टा नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील बहुतेक लोक कॅथॉलिक ख्रिस्ती आहेत. पण ते या सणास ‘मिलीद’ म्हणतात. हा शब्द अरबी वळणाचा असून त्याचाही अर्थ जन्म असाच आहे. आपले मुसलमान बंधु पैगंबर-जयंतीस ‘मीलाद’ म्हणतात, त्याचाच हा सख्खा भाऊ. ख्रिस्ती लोकांनीं ख्रिस्तजन्माच्या उत्सवास असें नांव कां द्यावें? या एका प्रश्नांत त्या बेटाचा इतिहास सांठविलेला आहे, आणि आपणां खानदेशवासीयांस त्यांतून कांहीं घेण्याजोगेंही आहे.

सिसिलीच्या दक्षिणेस सुमारें ९० किलोमीटरांवर हें बेट आहे. शेजारचीं लहान बेटें धरूनही त्याचें क्षेत्रफळ अवघें ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या जळगांव जिल्ह्यांत अशीं सदतीस माल्टा मावतील. परंतु बंदर उत्तम आणि जागा मोक्याची, म्हणून ज्याच्या हातीं गलबतें त्याची नजर या बेटावर. इ. स. ८७० मध्यें तें अरबांनीं घेतलें. १०९१ मध्यें नॉर्मन सरदार रॉजर तेथें आला. १५३० पासून सेंट जॉनच्या पंथाचे लढवय्ये तेथें नांदले. १५६५ च्या जानेवारींत आपल्या दक्षिणेंत तालिकोटची लढाई होऊन विजयनगर बुडालें. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत तुर्कांच्या प्रचंड आरमारानें माल्टास वेढा घातला. पण बेट पडलें नाहीं. पुढें १७९८ सालीं नेपोलियन आला, १८०० सालीं इंग्रज आले. १८७८ सालीं रशियाशीं युद्ध जुंपण्याच्या भीतीनें इंग्रजांनीं मुंबईहून सुमारें सात हजार हिंदी फौज याच बेटावर धाडली. तींत मुंबई इलाख्याच्याही पलटणी होत्या. ती जुलै महिन्यांत सायप्रसकडे हलली, त्यामुळें त्या शिपायांस तेथील नाताळ कांहीं पाहावयास मिळाला नाहीं. अखेर १९६४ सालीं माल्टा स्वतंत्र झाला.

इतकीं निशाणें चढलीं आणि उतरलीं. पण घरांतली बोली टिकून राहिली. माल्टी भाषा अरबीच्या कुळांतली. तिनें इटालियन शब्द पोटांत घेतले, लिपी रोमन स्वीकारली, तरी तिचा सांगाडा बदलला नाहीं. वर्षाला तेथें ‘सेना’ म्हणतात, तोच आपला ‘सन’. जगाला ‘दिन्या’, म्हणजे आपली ‘दुनिया’. पुस्तकाला ‘क्तीब’, म्हणजे आपली ‘किताब’. देवाला हे ख्रिस्ती लोक ‘अल्ला’ असेंच म्हणतात, आणि त्यांत त्यांस कांहीं विपरीत वाटत नाहीं.

हिंवाळ्यांत या बेटास जाणाऱ्या प्रवाशास प्रथम नवल वाटतें तें हिरवळीचें. आपल्याकडे आषाढ-श्रावणांत पाऊस, तर तेथें मार्गशीर्ष-पौषांत. उन्हाळ्यांत करपलेला पिंवळा खडक नाताळाच्या सुमारास हिरवा होतो. सणाच्या पांच-सहा आठवडे आधीं घरोघर एका ताटलींत कापूस पसरून त्यावर वाटाणा-लाखेच्या कुळांतील एक बारीक कडधान्य पेरतात आणि ती ताटली अंधाऱ्या जागीं ठेवून देतात. ऊन न लागल्यामुळें कोंब पांढरेशुभ्र व लांबलचक वाढतात. नवरात्रांतील घटाचे पिंवळे अंकुर ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस निराळें वर्णन सांगावयास नको. हे कोंब बाळ येशूच्या मूर्तीभोंवतीं मांडतात. कापसाचें तर या बेटाशीं जुनें नातें. अठराव्या शतकांत सूत हाच तेथील मुख्य निर्यातीचा माल होता. काकवीचें सारण भरलेलीं गोड कडीं तळहाताएवढीं करून भाजतात. मातीचे मेंढपाळ, गुरें आणि गोठा असा देखावा मांडतात. त्यांस नांवें मात्र इटालियन. आपण रामनवमीस व गोकुळाष्टमीस पाळणा म्हणतों, तसा माल्टी भाषेंतला पाळणा तेथें बाळ येशूसाठीं गातात.

परंतु या सर्वांहून मला महत्त्वाची वाटते ती एक निराळीच चाल. नाताळच्या मध्यरात्रीं देवळांत प्रवचन करतें तें सात-आठ-दहा वर्षांचें मूल! महिना-महिना पाठ करून, भरल्या सभेपुढें उभें राहून, हातवारे करीत तें ख्रिस्तजन्माची कथा सांगतें. आणि मोठमोठे धर्मोपदेशक खालीं बसून ऐकतात. या चालीचा पहिला दाखला १८८३ सालचा, लुआ गांवचा आहे. त्या काळीं देवळांतील उपासना लॅटिन भाषेंत, न्यायालयाचें कामकाज इटालियन भाषेंत, आणि वरिष्ठ सरकार इंग्रजीचें. माल्टी ही स्वयंपाकघरांतली आणि शेतांतली बोली. त्या बोलींत एक पोर सर्वांत मोठ्या सणाच्या रात्रीं उंच जागीं उभें राहून बोलत असे!

मिकिएल अँटन वासाल्ली या पंडितानें अठराव्या शतकाच्या अखेरीस या बोलीचें व्याकरण व कोश रचला होता. तथापि तिला राजमान्यता मिळण्यास १९३४ साल उजाडावें लागलें. २००४ सालीं माल्टा युरोपीय संघांत शिरला, तेव्हां ही स्वयंपाकघरांतली बोली त्या संघाची अधिकृत भाषा झाली. पंडितांनीं तिला व्याकरण दिलें, कायद्यानें मान दिला. पण तोंपर्यंत तिला जिवंत ठेवली ती आयांनीं, मुलांनीं आणि सणांनीं.

आतां आपल्या घरीं येऊं. ग्रिअर्सनसाहेबांनीं १९०७ सालीं आपल्या भाषा-पाहणींत खानदेशी बोलीस स्वतंत्र जागा दिली. पाचोऱ्याच्या परिसरांत शिक्षकी करतांना मीं हें नित्य पाहिलें आहे कीं, घरीं अहिराणींत घडाघडा बोलणारें मूल शाळेच्या उंबऱ्याशीं ती बोली वहाणांसारखी काढून ठेवतें, आणि वर्गांत मुकें होऊन बसतें. त्यास उत्तर येत नसतें असें नाहीं. उत्तर ज्या भाषेंत येतें, त्या भाषेची त्यास लाज वाटते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. लेवा बोलींतलीं त्यांचीं गीतें घरच्या माणसांनीं उतरून ठेवलीं, म्हणून १९५२ सालीं, त्यांच्या निधनानंतर, महाराष्ट्रास तीं दिसलीं. न उतरलेलीं किती गेलीं, त्याची गणती कोणीं करावी?

तर मग प्रमाण मराठी सोडावी काय? मुळींच नाहीं. माल्टाचा मुलगा इंग्रजी शिकतो, इटालियनही शिकतो. त्यानें घरची भाषा मात्र टाकली नाहीं. आपल्याकडे कानबाईचा उत्सव आहे, आखाजीचीं गाणीं आहेत. त्या दिवशीं गांवांतील एका मुलास किंवा मुलीस पाराच्या कट्ट्यावर उभें करावें, दहा मिनिटें अहिराणींत बोलूं द्यावें, आणि सरपंचापासून मास्तरांपर्यंत सर्वांनीं खालीं बसून ऐकावें. यास सरकारी ठराव नको, कीं वर्गणी नको. एका चिमुकल्या बेटानें जें केलें तें आपणांस जड जाऊं नये, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.