दहा राग आणि एक विस्मृत तबकडी

हार्मोनियम आपल्या संगीतास साजते की नाही, हा वाद महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत एके काळी मोठ्या हिरिरीने चालत असे. संगीत रंगभूमीने या वाद्यास आपलेसे केले, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या थोर कलावंताने त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि १९४० साली नभोवाणीने त्यास आपल्या केंद्रांतून बाहेर घालविले, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. फिर्याद अशी की, पेटीचे सूर ठरीव पट्ट्यांवर बसलेले. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणे, म्हणजे मींड घेणे, तिला साधत नाही. यंत्राला राग वाजविता येईल काय, हा प्रश्न अशा रीतीने आमच्याकडे जुनाच आहे. त्याचे एक विलक्षण उत्तर १९८२ साली मुंबईतच दिले गेले, आणि ते ऐकावयास आपल्यापैकी कोणीही जागेवर नव्हते.

हे उत्तर देणारे गृहस्थ म्हणजे चरणजित सिंग. मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीत गिटार, बास आणि पट्टीची विद्युत्-वाद्ये वाजविणारे ते एक कसबी वादक होत. 'हरे राम हरे कृष्ण' या १९७१ च्या चित्रपटातील 'दम मारो दम' या गीतात ट्रान्झिकॉर्ड नावाचे वाद्य त्यांनीच वाजविले. गीत घरोघर गेले, वादकाचे नाव मात्र स्टुडिओच्या दाराबाहेर आले नाही. पुढे 'कुर्बानी' (१९८०) आणि 'डिस्को डान्सर' (१९८२) या चित्रपटांनी डिस्कोच्या ठेक्याचे वेड देशभर पसरविले. जो तो डिस्को वाजवीत आहे, तर आपण त्या ठेक्यावर राग का वाजवू नयेत, असा विचार आपल्या मनात आला, असे सिंग यांनी उतारवयात सांगितले आहे. त्यातून 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका निघाली. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग; तबला नाही, तंबोरा नाही, गायक नाही. संबंध तबकडी एकाच कल्पनेच्या सूत्रात ओवलेली आहे.

साधने तीन, आणि तिन्ही रोलंड या जपानी कंपनीची. 'टीआर-८०८' हे ठेका धरणारे यंत्र. 'ज्युपिटर-८' ही अनेक सूर एकदम काढणारी पट्टी. आणि 'टीबी-३०३' हा एक लहानसा डबा. साथीला बासवादक न मिळणाऱ्या गिटारवाल्याची सोय व्हावी म्हणून हा डबा काढलेला होता. त्याचा आवाज खऱ्या बाससारखा येईना, सूर भरण्याची रीतही किचकट, म्हणून १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन बंद पडले. परंतु त्यात एक गुण असा होता की, एका सुरावरून दुसऱ्यावर तो सलग घसरत जाऊ शके. पेटीवर जो आरोप होता, त्याचेच उत्तर या टाकाऊ डब्याच्या पोटात दडलेले होते!

पुढे हेच यंत्र अमेरिकेतील शिकागो शहरी जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागले. तेथील 'फ्यूचर' नामक तरुण मंडळींनी त्याच्या कळा फिरवीत १९८७ साली 'अॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली आणि 'अॅसिड हाउस' या नृत्यसंगीताचा उदय झाला. मुंबईची तबकडी तिच्याआधी पाच वर्षांची, आणि दोहोंचे साम्य कानास चकित करणारे! हे साम्य केवळ योगायोगाचे नाही, असे आम्हांस वाटते. आपल्या रागसंगीतात षड्ज अढळ असतो. पाश्चात्य संगीताप्रमाणे स्वरसंघांची पालट त्यात नसते. एकच स्वरावली पुन्हा पुन्हा, थोडथोड्या फरकाने येत राहते. यंत्रालाही नेमके हेच सोपे जाते. म्हणून शिकागोच्या नृत्यगृहाला आणि मुंबईच्या वादकाला एकाच डब्याने एकाच वाटेने नेले. दोघांनी एकमेकांस ऐकले होते, असे मानण्याचे कारण नाही.

तबकडी निघाली, विकली गेली नाही, विसरली गेली. २००२ साली एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकास ती दिल्लीत सापडली, आणि २०१० साली त्यांनी ती युरोपात पुन्हा प्रकाशित केली. तेव्हा कित्येक रसिकांचा विश्वासच बसेना. कोणा आधुनिक युरोपीय संगीतकाराने ही लबाडी केली असावी, अशीही वदंता उठली. खरा वादक मुंबईत हयात होता. त्यानंतर सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी युरोपात आपले राग वाजवून दाखविले. २०१५ साली ते निवर्तले.

आता कोणी म्हणेल की, हे राग खरोखर राग आहेत काय? निर्भीडपणे सांगावयाचे तर, रागविस्तार म्हणून ही तबकडी अपुरी आहे. तोडीचा अतिकोमल गंधार जेथे झुलावयाचा, तेथे यंत्र सम अंतरांच्या पायऱ्यांवरच उभे राहते. विलंबितास जागा नाही, आणि मात्रेमात्रेवरचा ठोका विसाव्याचा अवकाश हिरावून घेतो. परंतु तिचा हेतू मैफलीची जागा घेण्याचा नव्हता. रागाचे चलन, त्याचे आरोह-अवरोह नव्या धातूत ओतले असता काय शिल्लक राहते, हे तिने पाहिले. आणि पुष्कळच शिल्लक राहते, हे दाखविले. परक्यांच्या आधी आमच्या माणसाने अॅसिड हाउस शोधले, असा डांगोरा पिटण्यात आम्हांस स्वारस्य नाही. त्यांनी जे शोधले ते आपलेच होते, आणि तेवढ्यासाठी त्यांचा गौरव पुरेसा आहे.

खेदाची गोष्ट निराळीच आहे. चित्रपटांच्या तबकड्यांवर गायक आणि संगीतकार यांची नावे छापली जात. साथीदारांस स्थान नसे. ज्या समाजाने वादकाचे नाव लिहून ठेवले नाही, त्याला वादकाची प्रतिभा शोधण्यासाठी परदेशी संग्राहकाची वाट पाहावी लागली, यात नवल ते काय? आमच्या टिटवाळ्यास महागणपतीच्या दर्शनाला दुरून माणसे येतात. कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेऊन चालणारी तरुण मंडळी आपण दरवर्षी पाहतो. त्यांच्या गोंगाटाविषयीची तक्रार पुष्कळ अंशी न्याय्य आहे. परंतु त्यांच्यापैकी एखादा यंत्राच्या पट्टीतून काही नवे काढीत असेल, तर त्याचे नाव कोणी टिपून ठेवतो काय? माळ्यावरच्या जुन्या तबकड्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वी त्यांवरील अक्षरे एकदा वाचावीत, आणि घरच्या वृद्ध वादकास त्याने कोठे, कोणाबरोबर, काय वाजविले हे विचारून लिहून घ्यावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. चरणजित सिंग यांस अठ्ठावीस वर्षे थांबावे लागले. इतका दीर्घ काळ सर्वांच्याच नशिबी असेल, असे नाही.