जावर: चांदीच्या गावात एक रात्र

साल 1500 च्या आसपासचं धरा. उदयपूर अजून वसलेलं नाही, मेवाडची गादी चितोडला आहे. अरवलीच्या डोंगरांतून टिडी नदीच्या काठाकाठाने तुम्ही जावरात शिरता. गाव दिसायच्या आधी त्याचा वास येतो. खनिज भाजताना सुटणारा गंधकाचा धूर घशात बसतो आणि डोळे चुरचुरायला लागतात.

गाव भरभराटीत आहे. राणा कुंभांची मुलगी रमाबाई हिने बांधलेलं विष्णूचं देऊळ अगदी नवं आहे; त्याचा शिलालेख 1497 चा. शंभरेक वर्षांमागे राणा लाखांच्या राजवटीत इथली चांदी मेवाडच्या हाती लागली, असं मानतात. खाणी मात्र त्याहून कितीतरी जुन्या. आतल्या लाकडी आधारांपैकी काहींचं वय दोन हजार वर्षांपलीकडे जातं. सुरुंगाची दारू नाही, म्हणून माणसं खडकाला लाकडाचा जाळ लावतात, तो तडकला की छिन्नी-हातोड्याने फोडतात. त्या धुरात फार वेळ थांबू नका.

रात्री भट्ट्यांकडे या. चांदी शिशाच्या खनिजातून निघते. पण त्याच्यासोबत जस्तही येतं आणि ते मोठं अवघड. तापवलं की वितळून खाली बसण्याऐवजी त्याची वाफ होते आणि वाफेला हवा लागली की ती जळून पांढरी भुकटी उरते. जावरच्या कारागिरांनी यावर काढलेला तोडगा बघा. हा माणूस वांग्याच्या आकाराची मातीची मूस खनिजाच्या गोळ्यांनी भरतोय. तोंडाला नळी बसवून तो तीत एक काडी खोचतो आणि मूस उलटी करतो. गोळे खाली पडत नाहीत, काडीने अडवलेत. पुढे काडी जळून जाईल आणि वाफेला वाट होईल. भोकं पाडलेल्या मातीच्या विटांवर अशा 36 मुशा उभ्या राहतात, सहा-सहाच्या रांगांत. वर हजार अंशांच्या पुढे आग, खाली थंड कोठी. वाफ खाली उतरते आणि तिथे थिजते. एखाद्या नळीच्या तोंडाशी निळसर-हिरवी ज्योत दिसली, तर ते वाया चाललेलं जस्त. अशा सात भट्ट्या एका ओळीत. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला असं वाफ खाली उतरवायचं पेटंट मिळालं ते 1738 मध्ये.

वापरून झालेली मूस कोणी टाकून देत नाही. घरांच्या भिंतीसुद्धा त्यांच्याच. विटांसारख्या थरांवर थर रचलेल्या. चांदी राण्याच्या खजिन्यात गेली, गाव उभं राहिलं ते या टाकाऊवर, आणि मला तरी चांदीपेक्षा त्या भिंतीच जास्त बोलक्या वाटतात.

आता पावणेतीनशे वर्षं पुढे या. 1769 मध्ये महादजी शिंद्यांचा उदयपूरला वेढा पडलाय. नंतर होळकर आणि शिंदे दोघेही मेवाडकडून खंडणी उकळत राहिले. आपल्या बखरींत या मोहिमा पराक्रमाच्या; जावरकडून पाहिलं तर पेंढारी, पळालेली रयत आणि ओस वाटा. त्यावर 1812-13 चा दुष्काळ. भट्ट्या विझल्या आणि गाव रिकामं झालं. इंग्रजांशी झालेल्या 1818 च्या तहानंतर मेवाडात आलेला त्यांचा अधिकारी कर्नल टॉड इथल्या धातूचा उल्लेख चक्क कथील म्हणून करतो!

1983 मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून उत्खनन केलं, तेव्हा भट्टीत मुशा जागच्या जागी सापडल्या. शेजारच्या मोचिया डोंगरातली खाण विसाव्या शतकात पुन्हा सुरू झाली. तिथून आजही शिसं आणि जस्त निघतं, शिशाबरोबर चांदीही. कामगार मात्र नव्या वसाहतीत राहतात. जुन्या गावात छपरं नाहीत, देवळं आहेत आणि जावर मातेच्या दर्शनाला लोक येतात.